कारखान्याची रायफल भंगारात काढण्याआधी

बोल्ट-ॲक्शन रायफलींचा नाद असलेल्यांमध्ये एक मत वर्षानुवर्षं फिरतंय. अमेरिकेतल्या आपल्या मराठी हौशी नेमबाजांच्या गप्पांतही ते वेदवाक्यासारखं ऐकू येतं. मत असं: कारखान्यातून आलेली रायफल नेमकी मारूच शकत नाही. ती घ्यायची ती फक्त ॲक्शनसाठी, म्हणजे हाताने मागेपुढे करायचा बोल्ट आणि तो ज्यात सरकतो त्या पोलादी गाभ्यासाठी. नळी, दस्ता, चाप सगळं काढून टाकायचं, ॲक्शन लेथवर चढवून ‘सरळ’ करून घ्यायची आणि तिच्याभोवती नवी रायफल उभी करायची. त्यातही ॲक्शन हवी ती रेमिंग्टन या अमेरिकी कंपनीच्या ७०० मॉडेलचीच, बाकीच्यांवर पैसे घालणं म्हणजे वेडेपणा. असं केलं की स्वस्तात मस्त काम. पुरावा म्हणून शंभर यार्डांवरच्या कागदाचा फोटो जोडलेला असतो, एकमेकांना चिकटलेल्या तीन भोकांचा.

यातला जवळजवळ प्रत्येक तुकडा कधीतरी खरा होता, म्हणून तर तो टिकलाय. आज त्यातलं किती उरलंय ते पाहू. सुरुवात पुराव्यापासून करतो, कारण बाकीचा डोलारा त्याच्यावर उभा आहे.

‘हा बघा फोटो’

नेमकेपणा मोजायचं रूढ माप म्हणजे एमओए, एका अंशाचा साठावा भाग. १०० यार्डांवर तो १.०४७ इंच भरतो, १०० मीटरवर सुमारे २९ मिलिमीटर. ‘माझी अर्धा एमओए मारते’ म्हणणारा माणूस सांगत असतो की सगळ्या गोळ्या साधारण अर्ध्या इंचात बसतात. सगळ्या म्हणजे किती, हे मात्र तो सांगत नाही.

गोळ्यांच्या विखुरण्याचं गणित काही गूढ नाही. एकाच रायफलीने, एकाच काडतुसाचे तीन-तीन गोळ्यांचे पुष्कळ ग्रुप (एकाच नेमावर मारलेल्या गोळ्यांच्या भोकांचे पुंजके) काढले आणि त्यांची सरासरी १ इंच आली, तर त्याच रायफलीचे पाच गोळ्यांचे ग्रुप सरासरी १.२७ इंचाच्या आसपास येतात आणि दहा गोळ्यांचे १.६ इंचाच्या जवळ. रायफल तीच, नेमबाज तोच. गोळ्या वाढल्या की एखादी कडेला पडायची शक्यता वाढते, एवढंच. शिवाय तीन गोळ्यांचा ग्रुप भलता लहरी. हीच एक इंची रायफल अधूनमधून अर्ध्या इंचाचा ग्रुप देते आणि तितक्याच सहज दीड इंचाचाही. अर्ध्याचा फोटो निघतो. दीडचा कागद ‘वारा होता हो’ म्हणून कचऱ्यात जातो.

त्यामुळे नळी बदलण्याआधीचा एक ग्रुप आणि नंतरचा एक ग्रुप शेजारी ठेवून ‘बघा फरक’ म्हणणाऱ्याने काहीच सिद्ध केलेलं नसतं. आधी दहा-दहाचे निदान दोन, नंतर दहा-दहाचे दोन, काडतूस एकाच लॉटचं (एकाच वेळी बनलेल्या खेपेचं), इतकं तरी हवं. काडतुसं महाग आहेत, मान्य. मग दावाही खिशाला परवडेल एवढाच करावा.

‘कारखान्याची रायफल एका इंचात मारतच नाही’

१९७०च्या दशकात हे बोलणाऱ्याला मी फार अडवलं नसतं. यंत्रं झिजलेली, मापं सैल, आणि शिकारी गिऱ्हाईक दीड-दोन इंचांवर खूश. हरणासाठी तेवढं पुरतं. दरम्यान दोन गोष्टी घडल्या. संगणकावर चालणारी सीएनसी यंत्रं आली, आणि नळ्या घडवायची कोल्ड हॅमर फोर्जिंग ही पद्धत युरोपातल्या कारखान्यांनी पक्की बसवली. तीत नळीच्या आत एक कडक दांडा घालतात, त्याच्यावर पेचांचा (गोळीला फिरकी देणाऱ्या खाचांचा) उलटा ठसा असतो, आणि बाहेरून हातोडे पोलाद त्याच्यावर ठोकून बसवतात. फिनलंडमधल्या रिहिमाकीच्या सॅको कारखान्यात टिक्का रायफली याच नळ्यांनिशी बनतात. कंपनी तीन गोळ्यांत १ एमओएची हमी देते. वरचं गणित लक्षात ठेवून या हमीतूनही थोडं वजा करा; तरी शिल्लक राहतं ते शिकारीच काय, बऱ्याचशा हौशी स्पर्धांनाही पुरून उरतं.

आणि आपल्याला कोल्हापूर सोडून फार लांब जायची गरज नाही. १ ऑगस्ट २०२४ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून) ४५१.४ गुणांनी कांस्य जिंकलं. या प्रकारात पॉइंट टू-टू बोअरची रायफल चालते आणि दहाच्या रिंगणाचा व्यास असतो १०.४ मिलिमीटर. ५० मीटरवर एक एमओए होतो साडेचौदा मिलिमीटर. म्हणजे एक एमओएच्या वर्तुळातही ते रिंगण आरामात मावतं. जगभरचे खेळाडू इथे अन्शुट्झ, वॉल्थर, फाइनवेर्कबाऊ अशा कारखान्यांच्या रायफली वापरतात. दस्ता अंगाबरोबर जुळवून घेतात, पण खरा जीव टाकतात काडतुसाच्या लॉटवर. एली किंवा लापुआच्या चाचणी केंद्रात रायफल शिकंज्यात आवळायची, एकामागून एक लॉट चालवून पाहायचे, आणि त्या नळीला जो मानवेल त्याच्याच पेट्या उचलायच्या. एकाच कंपनीचं, एकाच नावाचं काडतूस. फक्त लॉट वेगळा, तरी ग्रुप लहानमोठा होतो. नवी रायफल बांधायला निघालेल्यांपैकी किती जणांनी आधी चार प्रकारची काडतुसं तरी चालवून पाहिलेली असतात?

‘नेमकेपणा ॲक्शनमध्ये असतो, आधी ती सरळ करा’

या मुद्द्यावर थोडं रेंगाळतो, कारण लेथ-मिलिंगवर काम केलेल्या माणसाला तो चटकन पटतो.

ॲक्शन करते काय? काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या खोबणीत नेते, बोल्टच्या लग्जनी (पुढच्या दातांनी) ते मागून कुलूपबंद करते, फायरिंग पिन सरळ मारू देते आणि नळीला घट्ट धरून ठेवते. तिचं तोंड नळी बसते त्या आट्यांना काटकोनात नसेल किंवा दोन लग्जपैकी एकच टेकत असेल, तर झटका एका बाजूने बसतो आणि ग्रुप पसरतो. जुन्या काळच्या ॲक्शन खरोखरच अशा यायच्या. लेथच्या चकात धरून मापाचा डायल लावला की काटा नाचायचा. तेव्हा तोंड फेसिंग करणं, आटे पुन्हा काढणं, लग्ज घासून बसवणं यात अर्थ होता, आणि हे काम करणाऱ्या जुन्या कारागिरांच्या हाताला माझा नमस्कार.

पण नीट बसवलेली, चांगली नळी लावल्यावर उरलेल्या चुकीत ॲक्शनचा वाटा फार थोडा राहतो. नळी, काडतूस, दस्त्याची बैठक (ॲक्शन दस्त्यात कशी बसते ती) आणि दुर्बिणीची पकड हे चौघं तिच्या कितीतरी पुढे असतात. सॅव्हेज या अमेरिकी कंपनीने तर हा प्रश्न मुळातच बगल देऊन सोडवला. १९५८ साली आलेल्या ११० मॉडेलमध्ये बोल्टचं डोकं वेगळं असतं, पिनने अडकवलेलं, किंचित हलतं. दाब आला की ते स्वतःच सावरून बसतं आणि दोन्ही लग्ज टेकतात. ॲक्शन लेथवर न चढवताही या रायफली ज्या तऱ्हेने मारतात, ते पाहून ‘आधी ॲक्शन सरळ’वाल्यांनी थोडं अडखळायला हवं होतं.

बैठकीचा प्रश्न तर कागदाच्या पट्टीने दिसतो. रायफल रिकामी आहे याची खात्री करा. कागदाची एक पट्टी नळी आणि दस्ता यांच्यामधून सरकवत ॲक्शनपर्यंत न्या. नळी मोकळी असेल तर पट्टी सुरळीत जाते. आता स्वस्तातला प्लास्टिकचा दस्ता असेल तर रायफल बायपॉडवर (पुढच्या दोन पायांच्या टेकूवर) ठेवा, खांद्याने पुढे रेटा आणि पट्टी पुन्हा ओढा. अडकते. दस्त्याचं पुढचं टोक वाकून नळीला चिकटलेलं असतं, आणि दर वेळी वेगळ्या जोराने. माणूस मग ग्रुप पसरला म्हणून नळीला आणि कंपनीला शिव्या घालतो. बोळकांडीइतक्या जागेत बसून एका संध्याकाळी होणारं काम आहे हे: दस्ता आतून घासणं किंवा कडक दस्ता लावणं, ॲक्शनचे स्क्रू टॉर्क-रेंचने सांगितलेल्या मापाला आवळणं, दुर्बिणीच्या रिंगा तपासणं. पातळ नळी चार-पाच गोळ्यांत तापून ग्रुप सरकवते, तो तर दोषच नव्हे. डोंगरात खांद्यावर वागवायला ती पातळ केलेली असते.

‘बांधायची तर फक्त ७००वर’

७०० आली १९६२ साली. तिच्यामागचा माणूस, रेमिंग्टनचा अभियंता माइक वॉकर, स्वतः बेंचरेस्टचा (टेबलावर रायफल टेकवून लहानात लहान ग्रुप मारायच्या स्पर्धेचा) नेमबाज, १९५०चं .२२२ रेमिंग्टन काडतूसही त्याचंच. गोल नळकांड्यासारखी ॲक्शन त्याने पसंत केली, ती बनवायला सोपी आणि पुढे लेथवर धरायलाही सोपी. अमेरिकी मरीन कोअरची स्नायपर रायफल एम४० (१९६६) आणि अमेरिकी लष्कराची एम२४ (१९८८) याच ॲक्शनवर उभी राहिली. मग चाप, दस्ते, मॅगझिन बनवणारे सगळे तिच्या मापाने बनवायला लागले. तिची खरी ताकद इथे आहे, सुट्या भागांच्या बाजारात.

पण बाजार माप सांभाळतो, शिक्का नव्हे. आज स्पेनची बर्गारा बी-१४ त्याच मापाची येते. इम्पॅक्ट, डिफायन्स यांच्यासारखे अमेरिकी कारखाने त्याच मापाच्या ॲक्शन सुरुवातीपासूनच काटेकोर कापून देतात. रेमिंग्टनचं २०२०मध्ये दिवाळं वाजून तुकडे झाले, आणि न्यूयॉर्क राज्यातला इलिअनचा जुना कारखाना २०२४मध्ये बंद पडला. जुनी ७०० हुडकणाऱ्याने आणखी एक पाहावं: २००६ ते २०१४मधल्या एक्स-मार्क प्रो चापांचा रिकॉल झाला होता, म्हणजे कंपनीने ते दुरुस्तीसाठी परत मागवले होते, कारण चाप न ओढता गोळी सुटायचा धोका होता. तो दुरुस्त झालाय का, हे नळीच्याही आधी विचारा.

सॅव्हेजवर तर नळी घरच्या घरी बदलणारे लोक आहेत, कारण नळी एका नटने अडकते. गो गेज (चेंबरची खोली तपासायचं पोलादी माप) चेंबरमध्ये घालून बोल्ट बंद करायचा, नळी गेजला टेकेपर्यंत फिरवायची, नट आवळायचा. किंचित लांब अशा नो-गो गेजवर बोल्ट बंद होता कामा नये. .३०८ काडतुसासाठी या दोन गेजांची मापं १.६३० आणि १.६३४ इंच, म्हणजे दोघांत फरक मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाचा. जपानची होवा १५०० आहे, तिचं रिकॉइल लग (झटका दस्त्याला देणारा दात) ॲक्शनमध्येच घडवलेलं, खालचा भाग सपाट, त्यामुळे बैठक छान होते. तिच्यासाठी सुटे भाग कमी मिळतात, हे खरं.

‘स्वस्तात होतं’

होत नाही. नवी रायफल घेतली, नळी-दस्ता-चाप कवडीमोलाने विकले, ॲक्शन सरळ करायची मजुरी दिली, नवी नळी, तिचं चेंबर, नवा चाप, नवा दस्ता. बेरीज करताना लोक मजुरी आणि वाट पाहण्याचे महिने धरत नाहीत. त्याच पैशात वर सांगितलेली तयार काटेकोर ॲक्शन आणि तिला थेट बसणारी प्री-फिट नळी येते.

भारतातल्या वाचकांसाठी हा हिशेब करायचंही कारण नाही. १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार बंदुकीची दुरुस्ती आणि फेरफार हे परवाना असलेल्या व्यावसायिकाचं काम आहे. भोसरीतल्या ओळखीच्या लेथवर ‘जरा आटे काढून दे’ हा मार्ग सरळ तुरुंगाकडे जातो.

मग रायफल बांधायचीच नाही का? बांधावी की. एखादं काडतूस कोणताच कारखाना भरत नसेल, डावखुऱ्याला मनासारखं काही मिळत नसेल, हजार यार्डांच्या स्पर्धेला जड नळी हवी असेल, किंवा हौस असेल. हौसेला मोल नाही, फक्त तिला गणिताचा मुलामा देऊ नये. आणि सगळ्यांत बरा मुहूर्त म्हणजे मूळ नळी झिजून संपते तेव्हा. ६.५ क्रीडमूर काडतुसाची नळी साधारण दोन-तीन हजार गोळ्यांत घशाशी (चेंबरच्या लगेच पुढे) झिजते, .३०८ची त्याहून बरीच जास्त टिकते. तोवर त्या ॲक्शनची खोड माहीत झालेली असते, चाप बोटात बसलेला असतो आणि दहा-दहा गोळ्यांचे कागद वहीत लावलेले असतात. नवी नळी आल्यावर तुलना करायला तेच लागतात.