दोन पंचांगांच्या मधला मासा

आमच्या फ्रिजच्या दारावर दोन पंचांगं आहेत. एक कालनिर्णय, ते दर डिसेंबरात देशी वाण्याच्या दुकानातून येतं. दुसरं वॉशिंग्टन राज्याच्या मत्स्य आणि वन्यजीव खात्याचं नियमपुस्तक. ते शंभरावर पानांचं, चुंबकाला पेलत नाही म्हणून सुतळीने टांगलेलं. मासा कधी खायचा नाही हे पहिलं सांगतं, कधी धरायचा नाही हे दुसरं. दोघांच्या तावडीतून सुटून जो काही मासा उरेल, तो माझा.

मी वेंगुर्ल्याचा. आमच्याकडे मासा आपल्या पायांनी घरी येतो, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. सकाळी मासेवाली पाटी घेऊन अंगणात यायची, आई भाव पाडायची, ती पाटी उचलून निघून जायची, आई तिला परत बोलवायची. पावसाळ्यात आम्ही पोरं व्हाळावर गरवायला जायचो, तेव्हा लागायची एक काठी, दोरा, गरी आणि गांडूळ. परवाना कोण देणार? गांडुळाने तक्रार केली असती तरी ती नोंदवायला जागा नव्हती.

इथे सिएटलजवळ राहायला आल्यावर शेजारच्या म्हाताऱ्याने मला या नादाला लावलं. हा विमानाच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, बोलायला मोजका. फक्त माशाचा विषय निघाला की त्याला थांबवणं अवघड. त्याने पहिला धडा दिला तो परवान्याचा. परवान्याचं वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च, म्हणजे आपल्या आयकराचंच. परवान्याबरोबर एक नोंदपत्रक मिळतं. सॅमन किंवा स्टीलहेड ठेवून घेतला तर त्यावर तिथल्या तिथे शाईने तारीख, ठिकाण आणि माशाची जात लिहायची. काठावर घसरणारे पाय, काखेत तडफडणारा मासा, दातात पेनाचं टोपण आणि भिजलेल्या कागदावर न उमटणारी शाई. लहानपणी परीक्षेतसुद्धा इतक्या हालात उत्तर लिहिलं नव्हतं.

पुस्तकातल्या नियमांना नदी एक नसते. अमक्या पुलापासून तमक्या ओढ्याच्या तोंडापर्यंत एक कायदा, तिथून वर दुसरा. मधेच खातं तातडीचा बदल जाहीर करतं. मासे अपेक्षेपेक्षा कमी आले की काल उघडी असलेली नदी आज बंद. त्यामुळे घरातून निघण्यापूर्वी फोनवर ॲप बघायचं. आपलं पंचांग निदान एकदा छापलं की वर्षभर शब्द पाळतं.

आता कालनिर्णयाची बाजू. बायको रत्नागिरीची, वार पाळणारी. सोमवार, गुरुवार, शनिवार नाही. मंगळवारी गणपती. उरले बुधवार, शुक्रवार आणि रविवार, त्यातून एकादश्या आणि संकष्ट्या वजा. नोकरदार माणूस गरवायला जाणार शनिवारी. इथल्या तळ्यांवरचा ट्राउट मासे धरण्याचा मुहूर्तसुद्धा एप्रिलमधला चौथा शनिवार! त्या दिवशी पहाटेपासून तळ्याभोवती पोरंबाळं, घडीच्या खुर्च्या, थर्मास आणि कुत्रे यांची जत्रा भरते. खातं आधीच तळ्यात रेनबो ट्राउट सोडून ठेवतं. त्यांना लावायचं आमिष म्हणजे डबीतलं भडक रंगाचं पीठ, आणि ते लसणाच्या वासाचंसुद्धा मिळतं. माशाला आतून लसूण लावून देणारा हा एकच देश मी पाहिला.

दिवसाला पाच ट्राउट ठेवता येतात. शनिवारी धरायचे, रात्री फ्रिजमध्ये झाकून ठेवायचे आणि रविवारी रव्यात घोळवून तळायचे, असा तह बायकोशी झाला. चवीबद्दल विचाराल, तर गोड्या पाण्याच्या माशाबद्दल वेंगुर्लेकराचं मत छापण्याजोगं नसतं. तिखट, आगळ आणि भरपूर तेल यांच्या आड तो माशासारखा लागला, एवढंच म्हणतो.

खरी परीक्षा पिंक सॅमनची. हा मासा बरोबर दोन वर्षं जगतो, आणि आमच्या भागातल्या नद्यांत विषम वर्षीच झुंडीने येतो. ऑगस्ट-सप्टेंबरात नराच्या पाठीवर मोठं कुबड येतं, म्हणून त्याला हंपी म्हणतात. त्याला आवडतो गुलाबी रंग. गळ, पिसं, मणी, सगळं गुलाबी. माझी आमिषाची पेटी बघून मुलीने ती स्वतःची समजून दप्तरात भरली होती.

आता २०२३ आठवा. विषम वर्ष, म्हणजे पिंक येणार. आणि त्याच वर्षी अधिक श्रावण! १८ जुलैला श्रावण लागला तो १५ सप्टेंबरला संपला. माशाचा हंगाम नि आमचा श्रावण एकमेकांच्या गळ्यात गळा घालून आले.

गंमत म्हणजे मासाही उपाशी असतो. समुद्रातून नदीत शिरला की सॅमन खाणं सोडतो. वर जाऊन अंडी घालायची आणि मरायचं, एवढाच कार्यक्रम. मग गळाला तोंड का लावतो? म्हातारा म्हणाला, चिडून. त्याच्या नाकासमोरून सारखं काहीतरी नाचवलं की वैतागून चावतो. म्हणजे उपासाला बसलेल्याला डिवचत राहणं एवढंच माझं काम. या कामाचा सराव मला घरीच पुष्कळ होता.

नदीचं नाव सांगत नाही. म्हाताऱ्याने वचन घेतलंय, गरवणारा आपली जागा कधी सांगत नाही. त्या गुप्त जागी पोचलो तर गाडी लावायला अर्धा मैल मागे जावं लागलं, इतक्या लोकांना ती माहीत होती. लेबर डेची सुट्टी होती. पाण्यात कमरेइतके बुडालेले लोक खांद्याला खांदा लावून उभे. सगळ्यांनी एका तालात गळ टाकायचा, एका तालात प्रवाहाबरोबर जाऊ द्यायचा. ताल चुकला की सात जणांचे दोरे एकमेकांत, आणि सात भाषांतल्या शिव्या. कुणाला मासा लागला की त्याने 'फिश ऑन!' असं ओरडायचं, मग बाकीच्यांनी निमूट दोरे गुंडाळायचे. मासा तोंडातच अडकलेला हवा. पाठीला किंवा शेपटीला गळ लागला तर कायदा म्हणतो, सोडा.

माझ्या काठीला झटका बसला आणि मी ओरडलो, ते नेमकं मालवणीत. कुणाला कळलं नाही, कुणी दोरे गुंडाळले नाहीत. मासा चार जणांच्या पायांमधून फिरून, मला त्या चौघांची ओळख करून देऊन, शेवटी काठाला लागला. आता त्याचं तोंड उघडून बघायचं. हिरडीसकट सगळं तोंड आतून काळं असेल तर तो किंग सॅमन. इथला किंग १९९९ पासून संकटग्रस्त यादीत आहे, त्याला हात लावायची चोरी. दाताच्या डॉक्टरसारखा मी वाकून बघतोय, तेवढ्यात खिशातला फोन वाजला. आई.

"झिला, खंय आसस?"

कॅमेरा चालू होता. तिला कुबडाचा मासा दिसला.

"आज श्रावणी सोमवार! मासो बाजारात गावना नाय काय तुका?"

कॅलेंडर बघितलं. ४ सप्टेंबर २०२३, निज श्रावणातला सोमवार. खात्याच्या पुस्तकाप्रमाणे मासा शंभर टक्के कायदेशीर, तोंडसुद्धा आतून गोरं. आईच्या पुस्तकात त्याला जागा नव्हती.

पिंकचं मांस नदीत शिरल्यावर लवकर मऊ पडतं, त्याला थांबता येत नाही. म्हाताऱ्याने तो मीठ-साखरेच्या पाण्यात मुरवून ऑल्डरच्या लाकडाच्या धुरावर शिजवला. पण घरी ठेवणार कुठे? श्रावण संपला, लगेच १९ तारखेला गणपती. ज्या फ्रिजमध्ये मोदकांचं सारण, त्यात धुरकट मासा नको, असं बायको म्हणाली आणि तिचं बरोबर होतं. तो शेजारच्या फ्रीझरमध्ये राहायला गेला. अनंत चतुर्दशी झाली तर दुसऱ्या दिवशी पितृपक्ष. पितृपक्ष संपला तर घट बसले. २४ ऑक्टोबरला दसरा. २५ला एकादशी, २६ला गुरुवार. २७ला शुक्रवार! वार चोख, तिथी चोख. मी ताट घेऊन शेजारी गेलो.

"नीट टिकलाय का, ते मधून मधून चाखून बघत होतो," म्हातारा म्हणाला. "शेवटपर्यंत उत्तम होता."

उरला हिवाळ्यातला स्टीलहेड. हा खरं तर रेनबो ट्राउटच, फक्त समुद्राची वारी करून आलेला. १९६९ पासून वॉशिंग्टनचा राज्यमासा. सॅमनसारखा एकदा अंडी घालून मरेलच असं नाही, पुन्हा समुद्रात जाऊ शकतो. हजार वेळा गळ टाकावा तेव्हा एक लागतो, असं इथले लोक अभिमानाने सांगतात. या माशाचे दुसरे शौकीन म्हणजे समुद्रसिंह. १९८०च्या दशकात सिएटलच्या बॅलार्ड लॉक्सवर, म्हणजे बोटींसाठी बांधलेल्या पाण्याच्या दरवाजांवर, हर्शेल नावाचा एक आला आणि मासे वर चढायला केलेल्या पायऱ्यांखाली तोंड उघडून बसला. मग त्याचे भाऊबंद आले. फटाके फोडून झाले. काहींना उचलून पार कॅलिफोर्नियात सोडलं, ते पोहत परत आले. १९९६ मध्ये त्यांना घाबरवायला फायबरग्लासचा खोटा ओर्का, म्हणजे समुद्रसिंहांना खाणारा शिकारी देवमासा, आणून ठेवला, त्याचाही काही उपयोग झाला नाही. हर्शेलकडे परवाना नव्हता, नोंदपत्रकही नव्हतं. वारही पाळत नसावा. मला त्याचा फार हेवा वाटतो.

जानेवारीतला रविवार. ना संकष्टी, ना एकादशी. बायकोने निघताना स्वतः म्हटलं, "आणलात तर तिरफळं घालून करू." काठीच्या कड्यांत बर्फ गोठत होता, तो बोटांनी फोडायचा आणि मग त्याच बोटांनी दोरा धरायचा. दुपारी दोरा थांबला, मग वरच्या दिशेने पळायला लागला. रुपेरी, गालावर गुलाबी झाक, हाताच्या लांबीचा. म्हातारा धावत आला आणि त्याने आधी पाठ बघितली. शेपटीच्या अलीकडे एक छोटा मांसल पर असतो. हॅचरीत, म्हणजे मत्स्यबीज केंद्रात, वाढवलेल्या पिल्लांचा तो छाटून टाकतात. पर नसेल तर मासा तुमचा, असेल तर तो रानचा, सोडायचा. फोटोसाठीसुद्धा पाण्याबाहेर पुरता काढायचा नाही.

पर होता. ताठ, टवटवीत, कुणी कधी हात न लावलेला.

मी गुडघ्यावर बसून गळ सोडवला. मासा क्षणभर हातात थांबला, मग माझ्या तोंडावर पाणी उडवून गेला. संध्याकाळी आईला सगळं सांगितलं. पराचा नियम तिला दोनदा समजावावा लागला.

"म्हणजे धरलंस, हात लावलंस नि परत सोडलंस?"

"हो."

आई थोडा वेळ गप्प बसली. मागे कालनिर्णयाची पानं उलटल्याचा आवाज आला.

"मगे असा कर. सोडूचोच आसा तर श्रावणातच जात जा. पाप तरी लागाचां नाय."