पोर्ट उघडा म्हणे! आधी आयपी तरी द्या

‘घरच्या कॉम्प्युटरवर वेबसाइट चालवा, अगदी फुकट!’ असं शिकवणारे सगळे एकाच पायरीवर येऊन थांबतात: राउटरमध्ये जा, ८० आणि ४४३ पोर्ट (वेबसाइटची दारं) फॉरवर्ड करा, म्हणजे तिथे येणारी विनंती घरच्या मशीनकडे वळवा, झालं. काय झालं? डोंबल झालं! वेबसाइट दाखवणारं एनजिनएक्स सॉफ्टवेअर नीट चालतंय, राउटरमध्ये डीएचसीपी रिझर्व्हेशन करून मशीनला १९२.१६८.१.५० हा घरातला पत्ता पक्का केलाय, आयपी बदलला तरी साइटचं नाव त्याच्याशी जोडून ठेवणारं डायनॅमिक डीएनएस लावलंय, आणि बाहेरून साइट उघडायला जावं तर टाइमआउट.

राउटरच्या स्टेटस पानावरचा वॅन आयपी (इंटरनेटच्या बाजूचा पत्ता) बघा आणि ‘माझा आयपी काय’ सांगणाऱ्या साइटवरचा बघा. दोन्ही जुळत नाहीत ना? इथेच घोडं पेंड खातं. वॅनवर १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचं काही दिसलं तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. नॅट म्हणजे एका पत्त्यामागे अनेक मशीन बसवणं; तेच इंटरनेट कंपनीने केलं की सीजीनॅट. हा पट्टा २०१२ मध्ये खास याच कामासाठी राखून ठेवलाय. एका सार्वजनिक पत्त्यामागे कंपनीने कित्येक घरं कोंबलीत, आणि बाहेरून येणारी विनंती कुठल्या घरी पाठवायची हे त्यांच्या यंत्राला ठाऊकच नसतं. तुम्ही स्वतःच्या राउटरवर हजार पोर्ट उघडा, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! आयपीव्ही४ चे, म्हणजे जुन्या पद्धतीचे, पत्ते संपलेत, जगभर पत्ते वाटणाऱ्या आयाना संस्थेचा साठा फेब्रुवारी २०११ मध्येच वाटून झाला, सगळं मान्य. पण कनेक्शन विकताना हे सांगायला काय जीभ झडते का?

कस्टमर केअरला फोन करा. ‘सर, नेट चालू आहे ना? मग राउटर एकदा रिस्टार्ट करा.’ अहो ताई, रिस्टार्टने सीजीनॅट जात नाही! मग स्टॅटिक आयपी (न बदलणारा, स्वतःचा पत्ता) मागा. तो बऱ्याचदा बिझनेस प्लॅनवरच, वर १८ टक्के जीएसटी. पैसे भरले तरी सुटका नाहीच, कारण त्यांचा ओएनटी (फायबर जोडायचा डबा) स्वतःच राउटर म्हणून चालतो आणि त्याला तुमचा राउटर जोडला की डबल नॅट, म्हणजे दोन ठिकाणी पोर्ट उघडा. ब्रिज मोड (ओएनटीने फक्त सिग्नल पुढे द्यायचा, बाकी तुमचा राउटर बघेल) मागितला की पीपीपीओईचा, म्हणजे कनेक्शनच्या लॉगिनचा, पासवर्ड ‘देता येत नाही, सर’. वा रे वा.

त्यात घरच्याच वायफायवरून पब्लिक आयपी टाकून तपासू नका. हेअरपिन नॅट (आतून पब्लिक आयपीकडे गेलेली विनंती परत आत वळवणं) नसलेल्या राउटरवर साइट उघडणार नाही, किंवा राउटरचंच लॉगिन पान समोर येईल. मोबाइलचं वायफाय बंद करा, डेटावरून बघा. ८० नंबर कंपनीने अडवला असेल तर एचटीटीपीएससाठी फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टची नेहमीची एचटीटीपी पडताळणीही फसते. डीएनएसमध्ये टीएक्सटी रेकॉर्ड (मजकुराची नोंद) टाकून सर्टिफिकेट घ्या.

‘आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचे, भरपूर पत्ते) वापरा ना!’ वापरतो की. पण राउटरचा फायरवॉल बाहेरून आत येणं अडवतो, कंपनीच्या फुकट राउटरमध्ये तो उघडायची सोय असेलच असं नाही, आणि प्रीफिक्स (पत्त्याचा कंपनीने दिलेला पहिला भाग) बदलला की एएएए रेकॉर्ड, म्हणजे डीएनएसमधली आयपीव्ही६ पत्त्याची नोंद, पुन्हा बदला. ज्याच्या ऑफिसात फक्त आयपीव्ही४ आहे, त्याला साइट दिसणारच नाही ते वेगळंच.

शेवटी उरतं काय, तर आतून बाहेर जाणारं कनेक्शन. क्लाउडफ्लेअर कंपनीचा टनेल घ्या, लोक त्यांच्याकडे येतील आणि ते टनेलमधून तुमच्याकडे पाठवतील; पण मग एचटीटीपीएसचं कुलूप त्यांच्याकडे उघडतं हे लक्षात असू द्या. नाहीतर एक स्वस्त व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर) घेऊन त्याच्याशी घर जोडायला वायरगार्ड हा व्हीपीएन लावा, आणि घरच्या बाजूला पर्सिस्टंट कीपअलाइव्ह (ठरावीक वेळाने ‘मी आहे’ असा संदेश) २५ सेकंद ठेवा, नाहीतर थोडा वेळ शांतता झाली की मधला नॅट तुम्हाला विसरतो. म्हणजे घरच्या घरी होस्टिंग करायला बाहेरचा सर्व्हर भाड्याने घ्यायचा!

आणि वीज. मशीन यूपीएसवर आहे म्हणून निर्धास्त राहू नका, ओएनटी आणि राउटरलाही लागतो. बहुतेक १२ व्होल्टचे असतात, तरी अ‍ॅडाप्टरवर व्होल्ट आणि अँपिअर वाचूनच मिनी यूपीएस घ्या. फायबर थेट घरात असेल तर मधल्या स्प्लिटरला (एका फायबरचा प्रकाश अनेक घरांत वाटणाऱ्या डबीला) वीज लागत नाही. पण केबलवाल्याने गच्चीवर स्विच ठोकून तिथून लॅनची वायर खाली सोडली असेल, तर त्या डब्याला बॅकअप कोण देणार? विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘लाइट आली की येईल ना नेट!’