पितरांची घागर आणि टीडीएसची कांडी

आज महाराष्ट्र दिनाची ग्रामसभा झाली आणि तिथून उठून आल्यापासून डोके ठिकाणावर नाही, म्हणून हे लिहायला बसलो आहे. आमच्या शिवेवरचा बायक्रोमेटचा, म्हणजे क्रोमियमच्या रसायनाचा, कारखाना बंद पडून वीस वर्षे उलटली. त्याची जागा आता "पूर्णपणे स्वच्छ" झाली असून लवकरच दुसऱ्या कामासाठी दिली जाणार आहे, असे आम्हाला सांगण्यात आले. आलेल्या साहेबांनी पुरावा म्हणून खिशातून पेनाएवढी कांडी काढली, आमच्या विहिरीचे पाणी मागवून ती पेल्यात बुडवली आणि सर्वांना दिसेल असा आकडा वर धरला : 410. "500 च्या आत म्हणजे उत्तम पाणी," असे ते म्हणाले आणि टाळ्या वाजल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत माझा सख्खा चुलतभाऊही होता.

मला त्या टाळ्यांत फक्त घागर दिसत होती. मी दहावीत असतानाची अक्षय तृतीया आहे. आईने पितरांसाठी मातीची नवी घागर आणली, वाळा धुऊन ठेवला आणि बाबांनी नेहमीप्रमाणे आमच्या वावरातल्या विहिरीचे पाणी आणले. अंगणातल्या उन्हात ते पाणी हळदीचे बोट बुडवल्यासारखे दिसत होते. बाबा घागरीकडे बराच वेळ पाहत राहिले आणि मग ते पाणी त्यांनी निंबाच्या बुडाशी ओतून दिले. "जित्याईले पाजतो थे पाजतो, मेलेल्याईले कायले पाजू हे?" एवढेच बोलून ते गावाच्या दुसऱ्या टोकाच्या विहिरीवरून घागर भरून घेऊन आले. पितर तृप्त झाले असतील. आम्ही जिते लोक मात्र पुढची दोन वर्षे तेच पाणी पीत होतो, कारण नळ यायला अजून अवकाश होता आणि रोज तेवढ्या लांबून पाणी आणायला घरात हात नव्हते.

आता त्या कांडीविषयी. ती पाण्यातून वीज किती सहज वाहते त्यावरून त्यात एकूण विरघळलेले क्षार, म्हणजेच टीडीएस, किती असतील याचा अंदाज देते. क्षारांची इष्ट मर्यादा लिटरमागे 500 मिलिग्रॅम आहे. क्रोमियमची मर्यादा 0.05 मिलिग्रॅम आहे, म्हणजे तिचा दहा हजारावा भाग. कापसाच्या गाड्या मोजणाऱ्या वजनकाट्यावर कोणी सोन्याची फुली तोलून दाखवली, तर आपण त्याला काय म्हणू? आणि पाणी डोळ्यांना पिवळे दिसू लागते तेव्हा ही मर्यादा कितीतरी पटींनी ओलांडलेली असते, म्हणून आज ते नितळ दिसते यावरूनही काहीच सिद्ध होत नाही. हे साहेबांना माहीत नसेल असे मला वाटत नाही. माहीत असून त्यांनी कांडी बुडवली, याचाच मला राग आहे.

स्वच्छता म्हणजे नेमके काय केले, तेही सांगतो. शेड पाडली, वरची फूटभर माती खरवडली, मुरूम पसरला आणि त्यावर कडुनिंबाची व करंजाची रोपे लावून फोटो काढले. खरवडलेली माती कुठे गेली, या प्रश्नाला सभेत उत्तर मिळाले नाही. अशी माती पाठवायची तर बुटीबोरीला घातक कचऱ्याची शास्त्रशुद्ध विल्हेवाट लावण्याची सोय आहे, आणि तिथे गेलेल्या प्रत्येक खेपेचा कागद असतो. तो कागद मी मागितला, तर विषय पुढच्या सभेवर ढकलला गेला. खरे सांगायचे तर जुन्या काळात त्या कारखान्याच्या ढिगाऱ्यातली हिरवट-पिवळी राख फुकट मिळते म्हणून आम्हीच ट्रॉल्या भरून आणली, पांदण रस्त्यावर टाकली, काहींनी घराच्या जोत्यातही भरली. हे लिहिताना लाज वाटते, पण ते आहे.

आपल्या जमिनीची घडण कोणत्याही शेतकऱ्याला विचारा. वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. उन्हाळ्यात काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि मिरगाचे पहिले पाणी त्या भेगांतून थेट खाली उतरते. पुढे माती फुगून तोंड मिटते, पण तोवर ढिगाऱ्यावरून वाहिलेले जे काही आहे ते खाली गेलेले असते. पाषाणातले पाणी वाळूतल्यासारखे सरळ झिरपत नाही, ते सांध्यांतून आणि भेगांतून वाट काढते. म्हणूनच शेजारच्या विहिरीचे पाणी गोड निघते आणि तीन वावरे सोडून असलेली विहीर पिवळी होते. फूटभर माती खरवडून या पाण्याला काय कळणार?

उपाय नाही असे नाही. ढिगारा आणि विषारी माती उचलून बंदिस्त जागी नेणे, हे पहिले काम. पाण्यासाठी जगभर वापरात असलेली रीत म्हणजे ते उपसून त्यात हिराकस, म्हणजे लोखंडाचा एक क्षार, घालायचा, म्हणजे विरघळणारे विषारी क्रोमियम न विरघळणाऱ्या, कमी घातक रूपात जाऊन गाळ बनून खाली बसते. साखर कारखान्याची मळी जमिनीत सोडून तिथल्या जीवाणूंकडूनही हेच काम करून घेता येते. मात्र यात एक खोच आहे. उपसा थांबला की मातीला आणि दगडाला चिकटून राहिलेले विष पुन्हा पाण्यात उतरते आणि खाली आलेला आकडा परत चढतो. म्हणून उपसा बंद करून, पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर, ढिगाऱ्याच्या वरच्या आणि खालच्या अंगाच्या विहिरी वर्षानुवर्षे तपासायच्या असतात. जागा स्वच्छ झाली की नाही, हे प्लॉटवर उभे राहून नाही, विहिरीत पाहून ठरवायचे असते. माझे म्हणणे एवढेच आहे.

आपल्या पाण्याचे सगळेच दोष कारखान्याचे नाहीत, हे मान्य. यवतमाळकडे फ्लोराइड दगडातूनच येते, आणि पुर्णेच्या खारपाणपट्ट्यात तर पाण्याला कोणी बाहेरून मीठ घातलेले नाही. कारखान्याने दोन पैसे दिले, हेही मान्य. माझी कॉलेजची फी काकाजींच्या तिथल्या पगारातून गेली. त्याच काकाजींच्या नाकाच्या पडद्याला आरपार भोक पडले होते, आणि क्रोमेटच्या कामगारांना ते होते हे आम्हाला ते गेल्यावर कळले. म्हणून फीची गोष्ट मला कोणी पुन्हा ऐकवू नये.

राजस्थानातल्या बिछडीचे नाव आज सभेत कोणालाच ठाऊक नव्हते. तिथे 1988 नंतर एच-ॲसिड या रंगांसाठी लागणाऱ्या रसायनाच्या कारखान्यांनी विहिरींचे पाणी लालसर केले, आपल्या नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने त्या जागेचा अभ्यास केला आणि 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, ज्याने घाण केली त्यानेच ती निस्तरावी, असा निकाल दिला. निस्तरण्याचा खर्च 37 कोटींच्या वर धरला होता, आणि 2011 मध्येही न्यायालयाला त्याच रकमेवर चक्रवाढ व्याजाचा आदेश द्यावा लागला. भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्याच्या आवारातला 337 टन कचरा हलायला 2025 साल उजाडले, आणि जमिनीतले विष तर अजून तिथेच आहे. त्याच वर्षीच्या जुलैत केंद्राने दूषित जागांसाठी स्वतंत्र नियम काढले, ज्यांत संशयित जागांची यादी जिल्हा प्रशासनाने द्यायची आहे. आमच्या गावाचे नाव त्या यादीत आहे का, हेही मी विचारले. साहेब तरुण होते, बोलायला नम्र होते, त्यांनी वहीत टिपून घेतले. त्यांच्यावर तरी किती चिडायचे? त्यांना कांडी देऊन पाठवणारा सभेला आला नव्हता.

सभा संपल्यावर चहा झाला. टेबलावरचा तो 410 चा पेला तसाच राहिला होता. शिपायाने तो उचलून मोरीत ओतला. मी चुलतभावाला बाजूला घेऊन विचारले की दोन आठवडेही झाले नाहीत, या अक्षय तृतीयेला तू घागर कुठून भरलीस. त्याची विहीर आमच्या विहिरीच्या खालच्या अंगाला आहे. तो आधी हसला आणि मग म्हणाला, "तुले तं माहीतच हाये."

उद्या पहाटेच्या एसटीने मी आमच्या विहिरीचे पाणी बर्फात ठेवून नागपूरच्या प्रयोगशाळेत नेतो आहे, कारण ही तपासणी लवकर व्हावी लागते. हे त्याला सांगितले, तर तो पायरीवरून दोन पावले खाली गेला, परत वळला आणि हळूच म्हणाला, "माह्या विहिरीची बी एक बाटली घेजो मंग."