मिडल्सब्रोचं एअरसम पार्क आणि बागेतले बुटांचे ठसे

1966 चा फुटबॉल वर्ल्ड कप म्हटलं की सगळे लंडनच्या वेम्बली स्टेडियमचंच बोलतात. फायनल तिथे झाली, इंग्लंड जिंकलं, मान्य. पण त्या वर्ल्ड कपमधलं माझं सगळ्यात लाडकं मैदान विचाराल तर ते मिडल्सब्रोचं एअरसम पार्क, आणि ते आज उरलेलंच नाही, तिथे घरं झालीत.

मिडल्सब्रो म्हणजे ईशान्य इंग्लंडमधलं टीस नदीकाठचं लोखंडाचं शहर. 1801 मध्ये तिथे जेमतेम 25 माणसं राहायची. 1850 मध्ये शेजारच्या एस्टनच्या टेकड्यांमध्ये लोखंडाचं खनिज सापडलं, भट्ट्या पेटल्या, आणि 1901 पर्यंत लोकसंख्या 90 हजारांवर गेली. सिडनीचा हार्बर ब्रिज ज्या डॉर्मन लाँग कंपनीने बांधला ती इथलीच. अशा गावाला 1903 मध्ये हे मैदान मिळालं, डिझाइन आर्चिबाल्ड लीचचं, आणि हा माणूस आधी कारखान्यांच्या इमारती आखायचा, त्यामुळे आठवडाभर शेडखाली राबणारी माणसं शनिवारी परत तसल्याच लोखंडी छपराखाली येऊन उभी राहायची, फक्त आता स्वतःच्या आनंदासाठी. जॉर्ज कॅमसेलने 1926-27 च्या एका सीझनमध्ये लीगमध्ये 59 गोल मारले ते इथे खेळणाऱ्या मिडल्सब्रो क्लबकडून.

आता 1966 ची गोष्ट. क्लब त्याच वर्षी पहिल्यांदा थर्ड डिव्हिजनमध्ये, म्हणजे तिसऱ्या पायरीवर घसरला होता. आणि वर्ल्ड कपच्या मॅचेस इथे आल्या त्या उत्तर कोरियाच्या! कोरियाचं युद्ध थांबून 13 वर्षं झालेली, त्यात ब्रिटिश सैनिक समोरच्या बाजूने लढलेले, ब्रिटनची त्या देशाला मान्यतासुद्धा नव्हती. तरी गावाने या पोरांना आपलं मानलं. त्यांची जर्सी लाल, बोरोची (म्हणजे मिडल्सब्रो क्लबची) पण लाल, हे एक कारण असेलच, पण मला वाटतं दमछाक होईपर्यंत धावणारा माणूस कामगारांच्या गावाला लगेच ओळखू येतो. 19 जुलैला समोर इटली, म्हणजे रिव्हेरा, माझोला, फाकेत्ती असली नावं, आणि हाफटाइमच्या थोडं आधी पाक डू-इकने गोल मारला. 1-0. इटली घरी. पुढची मॅच लिव्हरपूलला पोर्तुगालशी होती तर मिडल्सब्रोचे लोक तिकडेही पाठोपाठ गेले! कोरिया 3-0 ने पुढे होता हो, मग युसेबियोने एकट्याने चार गोल घातले आणि 5-3 ने संपलं. ते आठवलं की अजूनही हळहळ वाटते.

1986 मात्र वाईट. क्लब कर्जात बुडाला, क्लब गुंडाळायला लिक्विडेटर आला, एअरसम पार्कच्या गेटला कुलूप लागलं. सीझनची पहिली घरची मॅच शेजारच्या हार्टलपूलच्या मैदानावर खेळायची वेळ आली. कसाबसा क्लब वाचला आणि त्याच टीमने लागोपाठ दोन वर्षं प्रमोशन मिळवलं, 1988 मध्ये थेट फर्स्ट डिव्हिजन, म्हणजे तेव्हाची सगळ्यात वरची पायरी.

मग 1989 ची हिल्सबरो स्टेडियममधली प्रेक्षकांच्या चेंगराचेंगरीची दुर्घटना, तिच्या चौकशीचा टेलर रिपोर्ट, सगळ्यांना बसायला खुर्च्या हव्यात हा नियम, आणि 1995 मध्ये क्लब नदीकाठच्या रिव्हरसाइड स्टेडियमला गेला. जुनं मैदान पाडलं याचं मला वाईट वाटतं, पण चूक केली असं मी म्हणणार नाही, माणसं सुरक्षित राहिली पाहिजेत. जुनी गेटं तेवढी नव्या स्टेडियमबाहेर नेऊन उभी केली, तीच कुलूप लागलेली.

आणि जुन्या जागी जे केलं ना, ते मला फार भावतं. भिंतीवर एक पाटी लावून मोकळे झाले नाहीत. रस्त्यांना द टर्नस्टाइल (मैदानात शिरायचं फिरतं गेट), द मिडफील्ड अशी नावं दिली, आणि पाक डू-इकने गोल मारला ती जागा शोधून तिथे बुटाच्या स्टडचे, म्हणजे तळाच्या खुंट्यांचे, ठसे ब्राँझमध्ये ओतून बसवले, नेव्हिल गेबी नावाच्या कलाकाराने. ती जागा आता एका घरासमोरची बाग आहे. 2002 मध्ये त्या टीममधले हयात खेळाडू परत मिडल्सब्रोला आले, त्यात पाक डू-इकही होता.