अल्सरवर लिंबू-व्हिनेगर: मावशीला आलेल्या मेसेजला उत्तर

मावशीच्या स्टीलच्या डब्यात पाच दिवसांच्या गोळ्या तशाच पडल्या होत्या. चौदा दिवसांचा कोर्स, नवव्या दिवशी बंद. विचारलं तर तिने मोबाइलच पुढे केला. "अगं, भिशीच्या ग्रुपवर आलंय, वाच."

मेसेज म्हणतो: अल्सर आम्ल कमी पडल्यामुळे होतो. आम्ल कमी करणाऱ्या गोळ्यांनी किडनी आणि हाडं जातात, त्या आजच बंद करा. सकाळी अनशापोटी लिंबू आणि दोन चमचे अ‍ॅपल सायडर व्हिनेगर घ्या, रात्री थंड दूध. आणि शौचाला काळं झालं तर घाबरू नका, विषारी द्रव्यं बाहेर पडताहेत.

या शेवटच्या वाक्याने मी हादरले. मी औषधाच्या दुकानात बसते, म्हणून हे ओरडून सांगते: अल्सरच्या पेशंटला डांबरासारखी काळी, चिकट, घाण वासाची शी झाली तर ते पोटात झिरपलेलं रक्त असू शकतं. लोहाच्या किंवा बिस्मथच्या गोळ्यांनीही शी काळी होते, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं. सोबत चक्कर, घाम, धाप असेल तर रात्र काढायची नाही, तडक हॉस्पिटल गाठायचं. मावशीला तसं झालेलं नाही. झालं असतं तर औषध लागू पडलं म्हणून ती समाधानाने झोपली असती.

आता आम्लाचं. मावशीचा अल्सर ड्युओडेनममध्ये, म्हणजे जठराला लागून असलेल्या आतड्याच्या सुरुवातीला आहे. 'आम्ल नाही तर अल्सर नाही' हे कार्ल श्वार्त्स या सर्जनने १९१० सालीच मांडलं होतं. पूर्वी या दुखण्यासाठी पोट उघडून आम्लाला चालना देणारी नस कापत किंवा जठराचा भागच काढून टाकत. १९७६ च्या सुमारास आम्ल कमी करणारं सिमेटिडीन हे औषध आलं, पुढे तसंच ओमेप्रॅझोल आलं आणि ती ऑपरेशन्स जवळजवळ थांबली. आम्ल कमी केलं की जखम भरते, म्हणूनच ना? अशा उघड्या जखमेवर व्हिनेगर ओतायचं?

एवढं मान्य, की दोष एकट्या आम्लाचा नाही. नुसत्या आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या घेऊन थांबलेल्या निम्म्याहून जास्त जणांना वर्षभरात अल्सर पुन्हा व्हायचा. त्याचं कारण ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी दाखवलं: हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू. मार्शलने १९८४ मध्ये तो जंतू स्वतः पिऊन पोटाला सूज आणून दाखवली, आणि २००५ साली दोघांना नोबेल मिळालं. मावशीच्या तपासणीत हाच जंतू सापडला होता. त्या चौदा दिवसांत त्याला मारणारी अँटिबायोटिक्स होती, आणि आम्ल उतरलं की तीही जास्त चांगली काम करतात. 'अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या' समजून तिने सगळंच बंद केलं. अर्ध्यावर सोडलेल्या कोर्समधून वाचलेला जंतू पुढच्या वेळी त्याच औषधांना दाद देईलच असं नाही.

दूध? घटकाभर बरं वाटतं, मग त्यातल्या कॅल्शियम आणि प्रथिनांमुळे आम्ल आणखी सुटतं.

किडनी-हाडांच्या भीतीत थोडं तथ्य आहे, नाकारत नाही. पॅन्टोप्रॅझोल ही आम्ल कमी करणारी गोळी विचारल्याशिवाय वर्षानुवर्षं घेणारे गिऱ्हाईक मी रोज बघते. त्यात बी-१२ आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकतं, किडनीला क्वचित सूज येते, आणि एकदम सोडलं तर जळजळ उसळून येते. पण ती गोष्ट बहुतेक करून लांबलेल्या वापराची. मावशीचा कोर्स चौदा दिवसांचा होता.

आणि मेसेजमध्ये जिचं नावही नाही, ती गोळी डब्याच्या खालच्या कप्प्यात निघाली: गुडघेदुखीसाठीची डायक्लोफेनॅक ही वेदनाशामक गोळी. अल्सरचं दुसरं मोठं कारण. ती रोज चालू होती, डॉक्टरांना सांगितलेली नव्हती. उद्या सकाळी मावशीला आणि तो डबा, दोघांनाही घेऊन मी त्यांच्याकडे जातेय.