तीस टक्के कुठून मोजायचे?

पावसाळा लागला की आमच्याकडचे चित्रकारांचे व्हॉट्सॲप ग्रुप जागे होतात. बाहेर बसून रंगवणं बंद, कागद दमट, मग सगळे घरात मोबाईलमधल्या फोटोंवरून काम करतात. त्याच सुमाराला एक मेसेज फिरत येतो. यंदा तो मला चार ठिकाणांहून आला, त्यातला एक माझ्याच विद्यार्थिनीकडून, खाली हात जोडलेले. त्याचं सार असं: नेटवरचा फोटो सगळ्यांचा असतो. त्यात तीस टक्के बदल केला की चित्र कायद्यानं तुमचं. फोटोचं पेंटिंग झालं म्हणजे माध्यम बदललं, म्हणून ती नवी कलाकृतीच. फोटोग्राफरनं नुसतं बटण दाबलं, मेहनत तुमची. फारच टोचलं तर खाली त्याचं नाव टाका, विषय संपला. आणि रविवर्मासुद्धा फोटो वापरायचे.

मी मालवणात जलरंग शिकवते. फोटोवरून चित्र काढायला माझा विरोध नाही. जुलै महिन्यात किनाऱ्यावर कागद उघडून बसून दाखवा, मग बोलू. रापण, म्हणजे समुद्रात सोडलेलं मोठं जाळं, दोरीनं किनाऱ्यावर ओढणारी माणसं तुमची रेघ पुरी होईपर्यंत थांबत नाहीत, लाट तर नाहीच नाही. त्यामुळे फोटो बघून काढणारा कमअस्सल, असं म्हणणाऱ्यांशी माझं वेगळं भांडण आहे. या मेसेजशी भांडण त्याच्या हिशेबावरून आहे.

आधी ते तीस टक्के. हा आकडा इतक्या ठामपणे सांगितला जातो की कुठल्यातरी कलमात असणार असंच वाटतं. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात तो कुठेही नाही. तीस नाही, वीस नाही, दहाही नाही. आणि मोजणार कुठून? रापणीचा एक फोटो डोळ्यांसमोर आणा. वर आभाळ, खाली ओली वाळू, मधे एक तिरकी दोरी आणि तिला लोंबकळलेली आठ माणसं. कागदावर जागा मोजली तर आभाळ आणि वाळूच पाऊण भाग. मी आभाळ सकाळचं संध्याकाळचं केलं, वाळूवर दोन कुत्री बसवली, की झाला निम्मा फोटो बदलून! पण चित्राचा जीव त्या तिरक्या दोरीत आणि वाकलेल्या पाठींत होता, आणि तो मी जसाच्या तसा उचलला.

कोर्टही फूटपट्टी घेऊन बसत नाही. आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या १९७८ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की विषय आणि कल्पना कुणाच्या मालकीच्या नसतात. प्रश्न मांडणीचा असतो. दोन्ही कृती पाहिलेल्या माणसाला दुसरी ही पहिलीचीच नक्कल आहे असं स्वच्छ वाटलं, तर ती नक्कल. खटला नाटक आणि सिनेमाचा होता, पण कसोटी आपल्यालाही लागू पडते. रापण हा विषय सगळ्या किनाऱ्याचा. एका माणसानं एका सकाळी एका जागेवरून पाहिलेली रापण मात्र त्याची.

‘मग फोटो आरशासारखा उलटा करायचा’ ही पुढची युक्तीही मेसेजच्या खाली कुणीतरी जोडली होती. लक्झेंबर्गमध्ये एका चित्रकारानं जिंगना झांग या छायाचित्रकर्तीचा फोटो असाच उलटवून रंगवला आणि प्रदर्शनात बक्षीस मिळवलं. २०२२ मध्ये खालच्या कोर्टानं चित्रकाराच्या बाजूनं निकाल दिला, २०२४ मध्ये अपिलात तो फिरला आणि झांग जिंकली. कायदा तिकडचा आहे, युक्ती मात्र तीच.

आता ‘नुसतं बटण दाबलं’. इथे मला माझंच सांगावं लागेल. बऱ्याच वर्षांपूर्वी एका कॅलेंडरवरचा रापणीचा फोटो मी रंगवला, प्रदर्शनात लावला, विकलाही. येणारा प्रत्येक जण एकाच गोष्टीपाशी थांबायचा: माणसांच्या खांद्यांवर आणि दोरीवर पडलेली उजेडाची बारीक सोनेरी कड. मी मान डोलावून कौतुक घेत होते. तिसऱ्या दिवशी एक गृहस्थ आले, बराच वेळ चित्रासमोर उभे राहिले आणि म्हणाले, “त्या दिवशी मी कमरेएवढ्या पाण्यात होतो. एक लेन्स गेली माझी.” बाकी काही नाही. चहासुद्धा घेतला नाही.

मग मी विचार केला की ती कड आली कुठून. आपल्या किनाऱ्यावर सकाळचा सूर्य समुद्रातून येत नाही, डोंगरामागून माडांवर चढतो. तोवर वाळू सावलीत असते. ओढणारी माणसं समुद्राकडे तोंड करून मागे मागे सरकतात, म्हणजे ऊन त्यांच्या पाठीवर. किनाऱ्यावर उभं राहिलं तर उजळलेल्या पाठी दिसतात, झालं. ती कड दिसायची तर पाण्यात उतरून जमिनीकडे बघायला हवं, आणि तेही ऊन माडांच्या शेंड्यांवरून नुकतं सुटतं तेवढ्या थोड्या वेळात. रापण त्या वेळेला किनाऱ्याला लागेल की नाही हे आदल्या दिवशी विचारून ठेवायला हवं. हे सगळं त्या माणसानं केलं होतं. मी कोरड्या खोलीत बसून पिवळा रंग पातळ केला.

‘मेहनत तुमची’ याबद्दल एवढंच की नुसत्या मेहनतीनं मौलिकता येत नाही. २००७ मध्ये ईस्टर्न बुक कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हेच म्हटलं: कष्टाबरोबर कौशल्य, निर्णय आणि थोडी तरी सर्जनशीलता लागते. चौकोन आखून फोटो उतरवायला चाळीस तास लागले तरी ते चाळीस तास उतरवण्याचेच.

माध्यम बदलण्याचा मुद्दा गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात तिथे, नेऊन विचारा. एकानं घडवलेल्या मूर्तीवरून दुसऱ्यानं गुपचूप साचा काढला आणि शाडूऐवजी प्लास्टरच्या मूर्ती पाडल्या, तर ती नवी मूर्ती झाली असं शाळेतलं शेंबडं पोरही म्हणणार नाही. कायद्याची भाषा तशीच आहे: कोणत्याही रूपात पुनर्निर्मिती करण्याचा हक्क मूळ कर्त्याचा.

नेटवर आहे म्हणून सगळ्यांचं, यावर फार वेळ घालवत नाही. कॉपीराइट फोटो काढल्या क्षणी तयार होतो. नोंदणी लागत नाही, कोपऱ्यात खूण लागत नाही, आणि तो काढणाऱ्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो. सुवर्णदुर्ग हर्णैच्या किनाऱ्यावरून कुणीही रंगवावा, वास्तूचं चित्र काढायला कायद्यानं मुभा आहे. त्याच किल्ल्याचा दुसऱ्यानं काढलेला फोटो ही वेगळी वस्तू. घरी सरावासाठी कॉपी करा, खासगी वापराला सूट आहे. विक्री, प्रदर्शन, स्पर्धा आली की गणित बदलतं. (गिऱ्हाईक वडिलांचा स्टुडिओत पैसे देऊन काढलेला फोटो घेऊन आलं तर निर्धास्त राहा. वेगळा करार नसेल तर त्या फोटोचा हक्क पैसे देणाऱ्याकडे असतो.)

नाव टाकलं की विषय संपला? नाव आणि परवानगी या दोन गोष्टी आहेत. क्रिएटिव्ह कॉमन्सचे, म्हणजे कर्त्यानं आधीच सगळ्यांना देऊन ठेवलेले, काही परवाने नाव देऊन वापरू देतात, पण तिथेही परवाना कुठला आणि बदल केला असेल तर तसं लिहावं लागतं, काहींत तर धंद्यासाठी वापरायला मनाई असते. एरवी विचारावंच लागतं. विचारलं तर इथले फोटोग्राफर बहुतेक ‘हो’च म्हणतात, हा माझा अनुभव आहे. नाव लिहून न विचारता घेणं म्हणजे चोरी करून पावती ठेवून येणं. रापणीत दोरी ओढणाऱ्याला वाटा असतो तसा जाळ्याचाही असतो, होडीचाही. जाळेवाल्याचं नाव सगळ्यांना माहीत आहे म्हणून कुणी त्याचा वाटा बुडवत नाही. तसं पाहिलं तर या सगळ्या भांडणात ज्यांच्या पाठी आपण रंगवतो त्यांचा हिशेब कुणीच करत नाही. माझं ते चित्र पाहून एक रापणकर हसून म्हणाला होता, “सगळा बरा असा, पण माका काय गावला?” त्याला उत्तर माझ्याकडे तेव्हाही नव्हतं.

राहिले रविवर्मा. ते फोटोंचा आधार घेत, खरं आहे. फ्रान्समध्ये देलाक्रुआनं १८५४ च्या सुमाराला मॉडेल्सना स्वतः उभं करून युजेन ड्युरियू या छायाचित्रकाराकडून फोटो काढून घेतले होते. कुणी, कसं, कुठल्या उजेडात उभं राहायचं हे चित्रकारानं ठरवलं, कॅमेरा दुसऱ्यानं धरला. थोरांनी फोटो वापरले यावरून फोटो वापरता येतो एवढंच सिद्ध होतं. कुणाचाही, न विचारता, हे त्यात कुठून आलं?

उतरवलेला फोटो चित्रात लपतही नाही. मोबाईलच्या रुंद लेन्सनं होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, पुढे ताणलेली असते, ती तशीच कागदावर येते. फणसाखालची सावली कॅमेऱ्याला काळी दिसते, तिथे उभं राहिलं की जांभळट हिरवी. जांभ्याचा चिरा फोटोत नुसता तपकिरी होतो. काळ्या सावल्या आणि पांढरं फटक आभाळ दिसलं की मी ओळखते.

मेसेज पाठवणाऱ्या त्या मुलीला मी हे सगळं फोनवर ऐकवलं. तारकर्लीच्या कुणाच्यातरी फोटोवरून काढलेलं चित्र ती स्पर्धेला पाठवणार होती. तिनं फोटोग्राफरला शोधून विचारलं. तो म्हणाला, घरात लाव, स्पर्धेला नको. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मग पावसाची उघडीप बघून स्वतः वाळूवर गेली आणि ओढून ठेवलेल्या होड्यांचे तीसेक फोटो काढून आणले. झापांनी शाकारलेली होडी तिला हवी होती, मिळाली ती निळ्या ताडपत्रीत गुंडाळलेली, वरून टायर बांधलेले. “ताडपत्री काढून टाकू ना चित्रातून?” तिनं विचारलं. मी म्हटलं, ठेव.