अब्राहम म्हणजे ब्रह्मा? अक्षरं सुटी करून बघा

‘अब्राहम म्हणजे आपला ब्रह्मा, त्याची बायको सारा म्हणजे सरस्वती, दासी हागार म्हणजे घग्गर नदी’ हा फॉरवर्ड पुन्हा फिरतोय. (अब्राहम म्हणजे बायबलमधला, ज्यूंचा मूळपुरुष.) कल्पना जुनीच; १८व्या शतकात फ्रेंच लेखक व्होल्तेरनेही अब्राहमचं नाव भारताशी जोडलं होतं.

‘ब्रह्माला अ लागला की अब्राहम.’ संस्कृतात तो अ लावला तर अर्थच उलटतो: अब्रह्म म्हणजे जे ब्रह्म नव्हे ते. आणि हिब्रूत, म्हणजे या नावाच्या मूळ भाषेत, तो सुटा काढताच येत नाही. आलेफ (अ) आणि बेत (ब) ही अक्षरं मिळून ‘अब’, म्हणजे बाप. अबनेर, अबशालोम, अबीमेलेख या नावांत तोच आहे. उरलेला ‘राम’ म्हणजे उंच, थोर. तो योराम, अदोनीराम यांत सापडतो. (दशरथाच्या रामाशी जोडू नका. तोही फॉरवर्ड येईलच.) मूळ नाव अब्राम: आलेफ, बेत, रेश (र), मेम (म). चार अक्षरं, ‘ह’ नाही. ज्या ‘ह’वर ब्रह्माशी सगळं साम्य उभं आहे तो बायबलच्या पहिल्या पुस्तकाच्या, उत्पत्तीच्या, १७व्या अध्यायात, अब्राम ९९ वर्षांचा असताना मिळतो. कारण तिथेच दिलंय: ‘अब हमोन गोयिम’, पुष्कळ राष्ट्रांचा बाप. हा शब्दखेळ आहे, काटेकोर व्युत्पत्ती नव्हे. पण खेळ हिब्रू शब्दांचाच आहे. आज उच्चार ‘अव्राहाम’ होतो. तो पुरावा मी वापरत नाही, कारण जुना उच्चार ‘ब’च होता.

‘सारा म्हणजे सरस्वती.’ हिब्रूत ‘सार’ म्हणजे अधिकारी, सरदार. सारा हे त्याचं स्त्रीलिंग. आजच्या इस्रायलमध्ये मंत्रीणबाईंनाही ‘सारा’च म्हणतात. सरस्वती मात्र सरस् अधिक वती, पाणी असलेली. तिची खरी बहीण अवेस्तात, पारशांच्या धर्मग्रंथात आहे, हरख्वैती. तिथे ‘स’चा ‘ह’ नियमाने होतो, जसा संस्कृत सप्ताह, तसा फारसी हफ्ता. नातं असलं की फरकही नियमाने पडतो.

हागारला खुद्द उत्पत्तीच मिसरी, म्हणजे इजिप्तची म्हणते. नदी कुठेच नाही.

‘इतकी साम्यं योगायोगाने कशी?’ आपला आबा आणि अरामी (हिब्रूची जवळची भाषा) अब्बा घ्या. दोन्ही बापमाणसासाठी, तरी एकमेकांपासून आलेले नाहीत. बाबा, पापा, मामा असे बोबडे शब्द अनेक भाषांत आपापले तयार होतात.

अब्राहम मराठीत खरोखर आला तो कोकणातल्या बेने इस्रायलींमुळे, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंमुळे. अब्राहमचा आबाजी झाला, सॅम्युएलचा सामाजी. पुढे आडनाव गावावरून, किहीमकर नाहीतर पेणकर.